दोनदा ‘नको’

फ्रेमवाल्यांच्या घरात जेवणाचा एक नियम होता. तो कोणी कोणाला शिकवला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कोणाला ठाऊक नव्हतं. वाढणाऱ्याने ‘अजून वाढू?’ म्हणून विचारायचं, जेवणाऱ्याने ‘नको’ म्हणायचं. पुन्हा विचारायचं, पुन्हा ‘नको’, या खेपेला ताटावर हात आडवा धरून. मग वाढणाऱ्याने डोळे वटारून ‘असं काय करतोस, एवढुसं तर आहे’ म्हणत तो हात बाजूला सारायचा आणि वाढायचं, आणि जेवणाऱ्याने अगदी नाइलाज झाल्याचा चेहरा करून सगळं चाटूनपुसून संपवायचं. पहिल्याच विचारण्याला ‘वाढ’ म्हणणारा तो हावरा आणि दुसऱ्या नकारावर थांबणारा तो कंजूष. इतकी सरळ व्यवस्था होती.

फ्रेमवाले म्हणजे लोकांचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, आजोबांची चित्रं यांना चौकटी करून देणारे गृहस्थ. साठी उलटली तरी रोज सकाळी दुकान उघडून लाकडी पट्ट्या कापत बसायचे. माणूस वाईट मुळीच नव्हता. फक्त मानी होता, आणि आज त्यांचा मान नेमका कशात अडकलाय हे घरच्यांना रोज नव्याने शोधावं लागे. त्यांना एक धाकटी बहीण होती. साठीला टेकली होती, शाळेचे गणवेश शिवून द्यायचा धंदा करत होती, गुडघे कुरकुरत होते, आणि सगळं जग तिला अजून बेबी म्हणत होतं.

लहानपणी आई कामावर जायची, तेव्हा वाढायचं काम बेबीकडे असे. तिच्यासारखा आग्रह करणारं माणूस फ्रेमवाल्यांना पुन्हा भेटलं नाही. ती पळी घेऊन समोर उभी राहिली की ‘नको’ म्हणायलासुद्धा मजा यायची. “दादा, घे ना,” ती म्हणायची, आणि दादा तिच्यावर उपकार केल्यासारखं ताट पुढे करायचे. पुढे लग्न झालं. बायको ज्या घरातून आली तिथे भांडी मध्ये ठेवून ‘ज्याला हवं त्याने घ्या’ अशी पद्धत. पहिले काही महिने फ्रेमवाले ‘नको’ म्हणत राहिले आणि ती ‘बरं’ म्हणत राहिली. नवरा चांगलाच वाळायला लागला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने विचारणंच बंद केलं. ताट एकदाच भरून समोर ठेवायचं आणि आत निघून जायचं. अशाने पोट भरलं, संसारही झाला, पण आग्रहाची हौस राहूनच गेली. ती भागवायला फ्रेमवाले अधूनमधून बेबीकडे जेवायला जात.

आणि त्याच बेबीशी त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

झालं होतं ते असं. यजमान गेल्यावर बेबीने मोठं घर विकून छोटा फ्लॅट घेतला आणि तिथल्या पहिल्या जेवणाला भावाच्या घरच्यांना बोलावलं. ऐन जेवणाच्या वेळी मजल्यावरची मंडळी ‘नवीन घर बघायला’ म्हणून हजर झाली. बेबीने त्यांनाही बसवलं. घरचे म्हणून फ्रेमवाले शेवटी बसले. बेबी भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “दादा, भात?” दादा रिवाजाप्रमाणे “नको” म्हणाले. बेबी “बरं” म्हणाली आणि आत गेली.

फ्रेमवाल्यांना वाटलं, डाळ आणायला गेली असेल. ते ताटातला शेवटचा घास पुरवून पुरवून खात बसले. बेबी आली ती हात पुसायला टॉवेल घेऊन.

एकदा. फक्त एकदा विचारलं. ते जेवण त्यांच्या घशाखाली उतरलं नाही, आणि जे उतरलं होतं तेही फार नव्हतं. परत निघाल्यावर जिन्यातच त्यांनी बायकोजवळ मन मोकळं केलं. “भात संपला होता वाटतं. माणसं बोलवायची तर तांदूळ नीट मोजून नको का घ्यायला?” बायकोने नुसता ढेकर दिला, कारण ती तीनदा भात घेऊन तृप्त होती. त्या गडबडीत त्यांचा चष्मा बेबीकडे राहिला. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कोणा शेजाऱ्याच्या हाती दुकानावर आला. निरोप नाही, फोन नाही. त्या दिवसापासून बेबीने बोलणंच टाकलं. फ्रेमवाल्यांना याचं फार नवल वाटे. उपाशी राहिलो आपण, रुसायचा हक्क आपला, आणि रुसून बसली ती. हा कुठला न्याय, असं ते लाकडी पट्ट्यांना विचारत.

आता बेबी कायमची चालली होती. मुलगा सातासमुद्रापलीकडे स्थायिक झाला होता आणि आईला तिथेच बोलावत होता. तिने शिलाई मशिनी विकल्या, गणवेशांचं काम दुसरीकडे सोपवलं, मंगळवारचं विमान होतं. ही बातमी कळली त्या दिवशी फ्रेमवाल्यांनी एकाच चौकटीच्या दोन पट्ट्या तोकड्या कापल्या. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. बहीण अशी न बोलता विमानात बसली तर पुढे काय बोलणार, आणि कधी? दोघांच्याही वयाचा काही भरवसा नव्हता. तिने जाण्याआधी एकदा ‘दादा, घे ना’ म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेवढं झालं की त्यांनी मोठ्या मनाने सगळं सोडून दिलं असतं. फक्त हे मागणं मागायचं नव्हतं, ते तिला आपोआप कळायला हवं होतं.

त्यांची लेक दातांची डॉक्टर होती. गप्प बसलेल्या माणसांना तोंड उघडायला लावणं हा तिचा रोजचा धंदा. तिने रविवारी दुपारी दोघांना बुफेला न्यायचं ठरवलं.

“घरी बोलावलं तर कोणीतरी यजमान होणार, कोणीतरी वाढणार, आणि यांचं पुन्हा काहीतरी होणार,” ती आईला म्हणाली. “बुफेत कोणी कोणाला वाढतच नाही. मग रुसतील कोणावर?”

“तू तुझ्या बाबांना अजून ओळखलं नाहीस,” आई म्हणाली. “ते डाळीवर रुसतील.”

पण तिलाही ती जागा बघायचीच होती. तिच्या फिरायला येणाऱ्या मैत्रिणींनी या हॉटेलाचं इतकं कौतुक केलं होतं की तिथे न जेवलेली ती एकटीच उरली होती. एवढ्या पैशात दुसरीकडे एक भाजी आणि दोन रोट्या येतात, इथे सूपपासून गुलाबजामपर्यंत सगळं, आणि कितीही वेळा.

खाली टायरचं दुकान आणि वर हॉटेल. अर्ध्या जिन्यापर्यंत रबराचा वास यायचा आणि उरलेल्या अर्ध्यात आलं-लसणाच्या फोडणीचा. वर लांबलचक टेबलावर झाकणांची स्टीलची भांडी ओळीने मांडलेली, प्रत्येकाखाली छोटी ज्योत, प्रत्येकासमोर नावाचं कार्ड. ताटं नुकतीच धुऊन आल्यामुळे कोमट आणि ओलसर. भिंतीवर मोठी पाटी, ‘हवं तितकं घ्या, घ्याल तितकं खा.’ फ्रेमवाल्यांनी ती पाटी आणि तिची चौकट दोन्ही नीट पाहिली. चौकटीचा एक कोपरा उघडा पडला होता.

लेकीने आत्याला आणि बाबांना समोरासमोर बसवलं. दोघांनीही एकमेकांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

“आत्याला विचार,” फ्रेमवाले लेकीला म्हणाले, “सामान बांधून झालं का.”

“बाबांना सांग, झालं,” बेबी म्हणाली.

“वजन जास्त होईल म्हणावं.”

“मोजलंय म्हणावं. मी सगळं मोजूनच घेते.”

हे शेवटचं वाक्य जरा जास्तच धारदार वाटलं, पण का, ते फ्रेमवाल्यांना कळलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने मोजमापाचं बोलावं यात विशेष काय, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सगळे ताटं घेऊन उठले. फ्रेमवाल्यांची खरी पंचाईत इथे झाली. भांड्यासमोर उभं राहून आपल्याच हाताने पळी उचलायची म्हणजे कोणी विचारायच्या आधीच ‘वाढ’ म्हणण्यासारखं होतं. त्यातून बेबी बघत असणार. त्यांनी डाळीची अर्धी पळी घेतली, पनीरचे दोन तुकडे घेतले, नानचा एक कोपरा तोडून घेतला आणि काकडीच्या दोन चकत्या शोभेला ठेवल्या. बेबीच्या ताटाकडे बघायचं नाही हे त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं.

तेवढं संपायला कितीसा वेळ लागणार? वेटर गरम नान घेऊन आला.

“नान, साहेब?”

“नको,” फ्रेमवाले म्हणाले आणि वाट बघू लागले.

वेटर पुढच्या टेबलाकडे गेलासुद्धा. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, पुन्हा विचारलं, आणि फ्रेमवाल्यांनी या खेपेला ताटावर हातही आडवा धरला. तिसऱ्यांदा तो त्यांच्या टेबलाकडे फिरकलाच नाही. त्याला बिचाऱ्याला या घराण्याचा नियम माहीत असायचं काही कारण नव्हतं.

बायको मात्र आनंदात होती. भांडी मध्ये ठेवलेली, ज्याला हवं त्याने घ्यावं. तिच्या माहेरची पद्धत अखेर एका हॉटेलवाल्याने उचलली होती आणि ते हॉटेल माणसांनी फुलून गेलं होतं. याहून मोठं समाधान काय असतं? ती तिसऱ्यांदा ताट भरून आली आणि नवऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे बघून म्हणाली, “अहो, उठा की. पैसे भरलेत आपण.”

“मला भूक नाही,” फ्रेमवाले म्हणाले. त्याच वेळी त्यांच्या पोटातून असा आवाज आला की लेकीने घाईघाईने छताच्या पंख्याची चौकशी सुरू केली.

शेवटी ते ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणून उठले. पाय मोकळे होत होत भातापाशी जाऊन थांबले. त्यांनी झाकण उचललं. जिऱ्याचा वास आला, वाफेने चष्मा धूसर झाला. मोकळा, पांढराशुभ्र भात. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“काका, घेताय का?” मागच्या माणसाने विचारलं.

“नाही, बघतोय,” म्हणून त्यांनी झाकण ठेवून दिलं आणि कोशिंबिरींच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

तिथून त्यांना बेबी दिसली. तीही टेबलापाशी आली होती. पळी रश्शात बुडालेली तिला आयुष्यात कधी बघवली नाही. तिने ती चमच्याने ओढून काढली, पुसली, भांड्याच्या काठावर नीट टेकवून ठेवली. तिरकं झाकण सरळ केलं. पलीकडे टाय लावलेला एक जाडजूड माणूस चिमूटभर भात घेऊन पुढे सरकत होता.

“एवढाच?” बेबी त्याला म्हणाली. “घ्या की अजून.”

“नको, नको.”

“अहो, घ्या.”

“नको, खरंच.”

“असं काय करता, एवढुसा तर आहे,” आणि बेबीने दोन मोठाल्या पळ्या भरून त्याच्या ताटात भात घातला. टायवाला भांबावून ‘थँक यू’ म्हणाला.

फ्रेमवाल्यांनी शब्द न् शब्द ऐकला. एकदा नाही, दोनदा नाही, चांगलं तीनदा, आणि तेही कोणाला, तर ज्याचं नावगाव माहीत नाही अशा टायवाल्याला. सख्खा भाऊ इथे काकड्यांपाशी उपाशी उभा, आणि ही परक्यांना वाढतेय. त्या वेळी त्यांचं वय विचारलं असतं तर ते फार तर नऊ निघालं असतं.

ते जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने बेबीही आली. बायको आणि लेक गुलाबजाम आणायला गेल्या. मागे वेटर भांड्यांखालच्या ज्योती एकेक करून विझवायला लागला आणि मोठ्याने म्हणाला, “बुफे बंद होतोय. कोणाला काही घ्यायचं असेल तर घ्या.”

टेबलावर दोघंच उरले. भिंतीकडे बघून बघून फ्रेमवाल्यांची मान अवघडली होती. ती खाली घातली तर नजर नेमकी बेबीच्या ताटावर पडली.

ताटात काठाला वाळलेली थोडी डाळ होती. नानचा एक कोपरा होता. काकडीच्या दोन चकत्या होत्या, न खाल्लेल्या. त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं, पुन्हा तिच्या ताटाकडे पाहिलं. दोन्ही ताटं एकाच माणसाची वाटावीत अशी होती.

बेबीही त्याच घरात वाढली होती, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आत्ता आली. तिलाही कोणी विचारल्याशिवाय घेता येत नव्हतं. आणि तिला विचारलं होतं कोणी? ती तर कायम पळी घेऊन उभी. सगळ्यांचं झाल्यावर ती आत ओट्यापाशी काय खायची, किती खायची? ‘बेबी, तू जेवलीस का’ असं आपण कधी विचारलं होतं, ते फ्रेमवाले आठवू लागले. त्यांनी लहानपणापासून शोधायला सुरुवात केली आणि शोधत शोधत या टेबलापर्यंत आले. एकदाही नाही. त्यांना लाज वाटली. कान गरम होतात तशी खरी लाज वाटली.

ते उठले. एक कोरं ताट घेतलं. वेटर भाताचं भांडं उचलायच्या बेतात होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि तळापर्यंत पळी घालून होता नव्हता तो सगळा भात काढून घेतला. शेजारी डाळ घेतली, बटाटा-वाटाण्याची भाजी घेतली, पनीर घेतलं. जन्मभर चौकटी केल्यामुळे ताटातही त्यांनी चारी बाजूंनी सारखी जागा सोडली आणि एक वाटाणा घरंगळला तो बोटाने रांगेत बसवला. मग ते ताट त्यांनी बेबीसमोर नेऊन ठेवलं.

“बेबी, जेव.”

दोन वर्षांनी तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“नको,” ती म्हणाली.

“घे गं थोडं.”

“नको म्हटलं ना.” आणि तिने ताटावर हात आडवा धरला.

फ्रेमवाले उभेच होते. पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हजारदा ऐकलं होतं, पण एकदाही म्हटलं नव्हतं. हे बोलायला इतकं अवघड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. समोरचा खरंच ‘नको’ म्हणत असेल तर, ही भीती पळी धरणाऱ्याला दर वेळी वाटत असणार.

“असं काय करतेस,” ते म्हणाले. आवाज जरा फाटला. “एवढुसा तर आहे.”

तो एवढुसा मुळीच नव्हता, ताटात डोंगर होता. बेबीने त्याच्याकडे पाहिलं. हात मात्र काढला नाही.

“त्या दिवशी खरंच एवढुसा होता,” ती म्हणाली.

“काय?”

“भात. माझ्या घरी. मजल्यावरची माणसं आली, सगळा भात त्यांच्यातच गेला. पातेल्यात तळाला चिकटलेली खरवड होती नुसती. तरी मी पातेलं घेऊन बाहेर आले, कारण तुला विचारल्याशिवाय कसं राहायचं. जीव नुसता मुठीत धरला होता. आणि तू नको म्हणालास.” ती थांबली. “मला वाटलं, दादाला कळलं. पातेलं किती हलकं आहे ते त्याला दिसलं, म्हणून नको म्हणाला, माझी लाज राखली. मला इतकं बरं वाटलं की आत जाऊन मी ओट्यापाशी रडले. आणि मग तुझा चष्मा दिसला टेबलावर.”

फ्रेमवाले खाली बसले.

“तो द्यायला मी धावत जिन्यापर्यंत आले होते,” बेबी म्हणाली.

यापुढे तिने काही सांगायची गरज नव्हती. जिन्यात आपण काय बोललो ते फ्रेमवाल्यांना शब्दश: आठवत होतं. दोन वर्षं ते वाक्य त्यांना फार मार्मिक वाटत आलं होतं.

लाज राखली असं म्हणून घेणं सोपं होतं. मला कळलं होतं, जिन्यात आपलं सहज बोललो, एवढं म्हटलं असतं तर कदाचित भागलंही असतं. पण बहिणीशी खोटं बोलायला तोंड उघडेना.

“मला काही कळलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी आपला नेहमीचा नको म्हणालो. तुझ्या पातेल्यात काय आहे ते मी कधी बघितलंच नाही, बेबी. त्या दिवशी नाही आणि त्याआधीही नाही. चुकलं माझं.”

बेबीने नाक ओढलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. ताटावरचा हात मात्र बाजूला झाला. तिने चमच्याने भाताचा डोंगर मधोमध कापला, आणि नेमक्या त्याच वेळी फ्रेमवाल्यांच्या पोटाने पुन्हा तोंड घातलं.

“भूक लागलीय ना तुला?” ती म्हणाली. “वाढू?”

‘नको’ हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला होता. साठ वर्षांची त्याची ती जागा. फ्रेमवाल्यांनी तो मोठ्या कष्टाने गिळला.

“वाढ,” ते म्हणाले.

बेबीचा चमचा हवेत थांबला. “काय म्हणालास?”

“वाढ म्हटलं.”

“मी एकदाच विचारलं.”

“हो, ऐकलं मी. वाढ, भूक लागलीय.”

बेबी हसली ती आधी डोळ्यांनी, मग सगळीच. तिने अर्धा भात त्यांच्या ताटात घातला, वर डाळ घातली, पनीर दिलं. दोघं जेवायला लागले. लांब गुलाबजामांपाशी बायको आणि लेक वाट्या धरून थबकल्या होत्या.

“आत्ता नको जाऊया,” आई लेकीला म्हणाली. “अजून एक गुलाबजाम घे.”

“नको गं, झाले माझे.”

“घे, एवढुसा तर आहे,” आई म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वत:च चकित झाली.

दादांचं ताट रिकामं झालेलं दिसताच बेबी गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि त्यांना अजून भात आणायला गेली. वेटरने भांडं तिरपं करून तळ दाखवला. “भात संपला, मॅडम.”

बेबी रिकामी पळी घेऊन उभी राहिली. परक्याचं हॉटेल, परक्याचा भात, तिचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तरी तिचा चेहरा उतरलेला फ्रेमवाल्यांना इतक्या लांबून दिसला. दोन वर्षांपूर्वी तो असाच उतरला असणार, आणि तेव्हा ते घासाकडे बघत होते.

“राहू दे गं,” ते मोठ्याने म्हणाले. “पोट फुटेस्तोवर जेवलोय मी.”

निघताना बेबी लेकीचा हात धरून पुढे जिना उतरत होती. मागून फ्रेमवाले आणि बायको. फ्रेमवाल्यांनी खिसा चाचपून चष्म्याचं घर आहे ना ते पाहिलं.

“पोट भरलं का तुमचं?” बायकोने हळूच विचारलं. तिला खरं काय ते माहीत होतं, वेटरचं बोलणं तिनेही ऐकलं होतं.

“म्हणजे काय!” फ्रेमवाले म्हणाले, खालच्या पायरीपर्यंत सहज पोचेल अशा आवाजात. “भात भरपूर होता. संपता संपत नव्हता.”

“खोटारडा,” खालून बेबी म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून तिने सांगितलं, “उद्या जेवायला या सगळे. तांदूळ मोजून घेते.”

“नको गं,” फ्रेमवाले म्हणाले, “तुझी जायची गडबड, त्यात आणि आमचं कुठे...”

बेबी पायरीवर थांबली. मागे वळली नाही आणि पुन्हा विचारलंही नाही. नुसती थांबून राहिली.

“किती वाजता येऊ?” फ्रेमवाल्यांनी घाईघाईने विचारलं.